शेपटीचें चाक : जुन्या विमानाची एक लहानशी दुरुस्ती

विमान म्हटलें कीं आपली नजर प्रथम पंखांकडे जाते, मग पुढच्या पंख्याकडे आणि त्यामागच्या इंजिनाकडे. शेपटीखालीं जें वीतभर चाक असतें त्याकडे सहसा कोणी पाहात नाहीं. विमान हांकणाऱ्यालाही आपल्या आसनावरून तें दिसत नाहीं. ‘दृष्टिआड सृष्टि’ ही म्हण या चाकाला पुरेपूर लागू पडते. तरीही जुन्या धर्तीचें हलकें विमान आकाशांत कितीही शहाण्यासारखें वागलें, तरी जमिनीला टेंकल्यानंतरच्या अर्ध्या मिनिटांत त्याची अब्रू राखणें किंवा घालविणें हें बरेंचसें या वीतभर चाकाच्या हातीं असतें. म्हणून या चाकाचें काम काय, तें कशानें बिघडतें आणि त्याचे झिजलेले भाग बदलतांना कोणती दक्षता घ्यावी लागते, हें समजून घेणें उद्बोधक होईल.

आज विमानतळावर दिसणारीं बहुतेक विमानें एक चाक नाकाखालीं आणि बाकीचीं पंखांखालीं अशा बेतानें उभीं असतात. त्यामुळें तीं जमिनीशीं समांतर दिसतात. दुसऱ्या महायुद्धापूर्वींच्या लहान विमानांची ठेवण याच्या उलट असे. त्यांचीं दोन मोठीं चाकें छातीखालीं, पुढच्या बाजूला असत आणि तिसरा आधार शेपटीखालीं. असें विमान उभें असलें म्हणजे पुढचे पाय ताठ ठेवून मागें बसलेल्या राखणदार कुत्र्यासारखें दिसतें. या ठेवणीला कारणें होतीं. नाक उंच राहिल्यामुळें पंख्याचीं पातीं दगडमातीपासून दूर राहात. मागचा आधार लहान व हलका असल्यामुळें वजन वांचे. आणि खांचखळग्यांच्या मैदानावर हें विमान निभावून जाई.

प्रारंभीं तेथें चाकही नव्हतें. लांकडाचा किंवा पोलादाचा एक नुसता पाय असे, त्याच्या तळाला लोखंडी नाल असे, आणि विमान उतरलें म्हणजे तो नाल नांगराच्या फाळासारखा जमीन ओरखडीत जाई. त्या वेळच्या कित्येक विमानांना ब्रेक नसत. तेव्हां हें ओरखडणें हाच त्यांचा ब्रेक. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गें मुंबईच्या जुहू मैदानावर जें पस मॉथ विमान आणलें, तें याच पिढीचें. जुहूचें मैदान पावसाळ्यांत पाण्याखालीं जाई. म्हणून टाटांचा तो लहानसा विमान-संसार, वैमानिक व यांत्रिक यांच्यासह, त्या दिवसांत पुण्यास हलविण्यांत येई आणि येरवड्याच्या तुरुंगाशेजारचें मैदान त्याला वापरावयास मिळे. अशा मऊ मैदानांवर लोखंडी नालाचें राज्य सुखानें चाललें. पुढें डांबराच्या व काँक्रीटच्या धावपट्ट्या आल्या. त्यांवर नाल पकड घेईना, नुसता घसरूं लागला. शिवाय तो स्वतः झिजे आणि धावपट्टीही खराब करी. मग नालाच्या जागीं रबरी चाक आलें.

मराठी माणसाला या कथेंत अभिमान वाटावा असा एक धागा आहे. सोलापुरांत जन्मलेले उद्योगपति वालचंद हिराचंद यांनीं डिसेंबर १९४० मध्यें बंगलोर येथें हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली. तेथील विमानरचनेची धुरा कोल्हापूरकडील डॉ. विष्णु माधव घाटगे यांनीं वाहिली. १९०८ सालीं जन्मलेल्या घाटग्यांनीं जर्मनींतील गटिंगेन येथें लुडविग प्रांट्ल या जगन्मान्य शास्त्रज्ञापाशीं अध्ययन केलें होतें. त्यांच्या नेतृत्वाखालीं तयार झालेलें एच. टी. २ हें शिक्षणोपयोगी विमान ऑगस्ट १९५१ मध्यें प्रथम उडालें. आणि २८ सप्टेंबर १९५८ रोजीं त्याच कंपनीच्या ‘पुष्पक’ या दोन आसनी विमानानें पहिलें उड्डाण केलें. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणून बसविलेलें कापड, डोक्यावर पंख, पुढें ९० अश्वशक्तीचें इंजिन आणि मागें तें चिमुकलें चाक, असें पुष्पकाचें रूप. अमेरिकेंतील एरोंका चीफ या विमानाशीं त्याचें अगदीं जवळचें नातें आहे. देशांतील फ्लाइंग क्लबांना हीं विमानें मिळालीं आणि वैमानिकांच्या एका पिढीनें त्यांवर पहिले धडे गिरविले. आतां तीं वार्धक्यांत पोंचलीं आहेत. जीं सुस्थितींत राखावयाचीं असतील त्यांची निगा शेपटीपासून घ्यावी लागते, याचें कारण पुढील विवेचनावरून दिसून येईल.

एक साधा प्रयोग करून पाहावा. हातांतली काठी आपल्यामागें जमिनीवरून ओढीत चालावें; ती निमूटपणें सरळ येते. तीच काठी पुढें टेंकवून ढकलीत न्यावी. ती पदोपदीं डावीउजवीकडे वळूं पाहते आणि मनगटानें सारखें सांवरावें लागतें. शेपटीच्या चाकाचें विमान या दुसऱ्या काठीसारखें आहे. त्याचा गुरुत्वमध्य मोठ्या चाकांच्या मागें असतो. जमीन चाकांना मागें रेटीत असते आणि विमानाचें वजन मागून पुढें लोटीत असतें. विमान सरळ धांवत आहे तोंवर या झगड्याचा पत्ता लागत नाहीं. पण तें जरासें तिरकें झालें कीं मागचें वजन पुढच्या चाकांना वळसा घालूं पाहतें, तिरकेपणा वाढतो, वाढलेला तिरकेपणा आणखी तिरकेपणा उत्पन्न करतो, आणि अखेर विमान स्वतःभोंवतीं गिरकी घेतें. वैमानिक याला ‘ग्राउंड लूप’ म्हणतात. अशा गिरकींत पंखाचें टोंक जमिनीस घांसतें, चाकांचा पाय मोडतो, कधीं पंखाही वांकतो.

विमान वेगांत असतां शेपटीवरील सुकाणूला वाऱ्याचा भरपूर जोर मिळतो व तें विमानाला सरळ ठेवतें. वेग उतरला कीं वारा मंदावतो आणि सुकाणू दुबळें पडतें. नेमक्या याच वेळीं शेपटीचें चाक जमिनीला टेंकलेलें असतें आणि सुकाणूच्या हातांतील काम तें आपल्याकडे घेतें. हें हस्तांतर बिनबोभाट झालें तर उतरणें सुरेख झालें असें आपण म्हणतों.

आतां या चाकाची रचना पाहूं. विमानाच्या धडाच्या मागच्या टोंकास पोलादी पाटे बसविलेले असतात. बैलगाडी जाऊन मोटारलॉरी आली तेव्हांपासून हे कमानपाटे सर्वांच्या ओळखीचे आहेत; येथें ते फक्त लहान व अधिक चोखंदळपणें बनविलेले असतात. उतरतांना बसणारा धक्का तेच सोसतात. पाट्याच्या मोकळ्या टोंकाला एक उभा खुंट, खुंटाभोंवतीं फिरणारा चिमटा, आणि सायकलच्या चाकाप्रमाणें त्या चिमट्यांत आंसावर फिरणारें चाक, अशी मांडणी असते. खुंट जेथें फिरतो तेथें बुश किंवा बेअरिंग असतें. खुंटाच्या डोक्याशीं दोन्ही बाजूंस बाहू असतात. त्यांना स्प्रिंगा व साखळ्या जोडून त्या सुकाणूच्या तळाशीं नेलेल्या असतात. वैमानिकानें पाय दाबला कीं सुकाणू वळतें आणि त्याच्या ओढीनें चाकही वळतें. मधें स्प्रिंगा ठेवण्याचें कारण असें कीं, चाकाला दगडाचा हिसका बसला तर तो थेट सुकाणूला पोंचूं नये.

पण विमान अरुंद जागीं वळवावयाचें असेल किंवा माणसांनीं ढकलून शेडमध्यें न्यावयाचें असेल, तर चाकाला पूर्ण गिरकी घेतां आली पाहिजे. यासाठीं खुंटाच्या आंत एक खिटी व एक खांच असते. ठराविक कोनापर्यंत खिटी खांचेंत बसून चाकाला सुकाणूशीं जखडून ठेवते. तो कोन ओलांडला कीं ती बाहेर सरकते व चाक मोकळें होतें. पुन्हां सरळ झालें कीं खिटी आपोआप जागेवर येते. एवढ्याशा खिटीची कड झिजून गोल झाली, कीं चाक नको त्या क्षणीं मोकळें सुटतें आणि वैमानिकाच्या पायाखालची सत्ता एकाएकीं नाहींशी होते.

दुसरा दोष थरथराटाचा. दवाखान्यांतील ढकलगाडीचें एखादें चाक वेगानें जातांना पिसाटल्यासारखें डावीउजवीकडे हलूं लागतें, हें पुष्कळांनीं पाहिलें असेल. चाक जमिनीला जेथें टेंकतें ती जागा खुंटाच्या रोखाच्या बरीच मागें असेल, तर चाक आज्ञाधारकपणें मागोमाग येतें. हें अंतर कमी झालें कीं चाक बिथरतें. पाटे नवे असतांना त्यांची कमान अशी असते कीं भार पडल्यावर खुंट उभा किंवा किंचित् मागें कललेला राहावा. वर्षानुवर्षांच्या आपटण्यानें कमान चपटी होते, पाट्याचें मागचें टोंक वर उचललें जातें आणि खुंटाचा माथा पुढें झुकतो. त्याबरोबर तें मोलाचें अंतर घटतें व थरथराट सुरू होतो. त्यांत बुश सैल, स्प्रिंगा ढिल्या आणि टायर एका अंगानें झिजलेलें असेल, तर सबंध शेपूट हादरतें. असा थरथराट ऐकून नुसतें चाक बदलणारा यांत्रिक म्हणजे ताप पाहून नुसतें पांघरूण बदलणारा वैद्य होय. विमानावर नेहमींचें ओझें ठेवून, बाजूला उभें राहून खुंटाचा कल पाहावा, हें पहिलें निदान.

प्रत्यक्ष काम कसें करतात? प्रथम पुढच्या चाकांना दोन्ही अंगांनीं अडणी लावतात. मग शेपूट उचलून घोडीवर ठेवतात. उचलतांना हात सांगाड्याच्या मजबूत भागाला घालावयाचा असतो. शेपटीच्या आडव्या पंखाला धरून उचललें तर आंतली बारीक फासळी दुखावते आणि वरच्या कापडामुळें ती इजा दिसतही नाहीं. शेपूट फार उंच केलें तर विमान नाकावर कलंडण्याचें भय असतें, म्हणून तें घोडीस बांधून ठेवणें बरें. नंतर स्प्रिंगा व साखळ्या सोडण्यापूर्वीं त्यांचें चित्र काढून घेतात. डावी कोणती, उजवी कोणती, कडीचें तोंड कोणत्या बाजूस, किती दुवे सोडले आहेत, हें ‘लक्षांत राहील’ असें प्रत्येकास वाटतें आणि दुसऱ्या दिवशीं कोणाच्याच लक्षांत राहात नाहीं.

चाक काढल्यावर एक गोष्ट धर्माज्ञेप्रमाणें पाळावयाची : टायरमध्यें हवा असेल तर ती आधीं पूर्ण सोडावयाची आणि मगच चाकाच्या धांवेचे बोल्ट ढिले करावयाचे. पुष्कळ चाकांची धांव दोन अर्ध्यांची असते व बोल्टांनीं एकत्र धरलेली असते. आंत हवा कोंडलेली असतांना शेवटचा बोल्ट सैल झाला, तर तीं दोन अर्धुकें तोफेच्या गोळ्यासारखीं सुटतात. त्यानंतर चिमटा, खुंट, खिटी, बुश हे भाग सुटे करून रॉकेलमध्यें धुतात. जुनें ग्रीस हें वाळूसाठीं उत्तम घर असतें. धावपट्टीवरची बारीक रेती त्यांत बसून कानशीसारखें काम करते. धुतलेला प्रत्येक भाग डोळ्यांनीं पाहून भागत नाहीं. मायक्रोमीटर लावून, बनविणाऱ्यानें सांगितलेल्या मर्यादेशीं ताडून पाहावा लागतो.

पाट्यांची तपासणी याहून कठोर असते. पाटा बहुधा मध्यावर मोडत नाहीं. जेथें तो आवळलेला असतो तेथें किंवा बोल्टच्या भोंकापाशीं केसासारखी चीर पडते. दोन पाट्यांच्या मधला गंज अशा चिरेला निमंत्रण देतो. साध्या नजरेला न दिसणारी चीर रंग झिरपवून किंवा लोहचुंबकाच्या साहाय्यानें शोधतात. आणि येथेंच एक मोठा मोह उभा राहतो. लॉरीचे चपटे झालेले पाटे ठोकून पुन्हां कमानींत आणून देणारे कुशल कारागीर हमरस्त्यालगत ठिकठिकाणीं आढळतात. विमानाचा पाटा त्यांच्याकडे नेला तर तासाभरांत तो नव्यासारखा दिसूं लागेल. परंतु पोलादाचा चिवटपणा हा त्याला दिलेल्या उष्णतेच्या व थंडाव्याच्या हिशेबानें ठरलेला असतो. भट्टींत घातला कीं तो जुना हिशेब पुसला जातो, आणि नवा कोणीं मांडला याची नोंद नसते. आकार परत येतो, गुण परत येत नाहीं. म्हणून चपटा झालेला पाटा बदलावा, तो ठोकून वापरूं नये.

जोडणी ही मोडणीच्या उलट क्रमानें होते, पण कांहीं नियम तिचे स्वतःचे आहेत. स्प्लिट पिन एकदां काढली कीं ती टाकून द्यावयाची. वांकवून सरळ केलेली पिन पुन्हां वांकवतांना तुटते. जो सांधा फिरतो त्याला खांचांचा नट व पिनच पाहिजे. नुसत्या पकडीवर राहणारा नट अशा ठिकाणीं हळूहळू उलटा फिरून निघतो. आंसाचा नट इतका आवळावा कीं चाक मोकळें फिरेल पण डुगडुगणार नाहीं. सुकाणू मधोमध असतां दोन्ही बाजूंच्या साखळ्यांत झोल नसावा, आणि त्या सतारीच्या तारेसारख्या ताणलेल्याही नसाव्यात. हें झाल्यावर शेपूट हातानें डावीउजवीकडे ढकलून चाक नेमक्या कोनाला सुटतें व नेमकें परत जखडतें कीं नाहीं तें पाहतात. मग विमान आधीं माणसाच्या चालीनें, नंतर थोड्या वेगानें जमिनीवर चालवून पाहतात. सर्वांत शेवटीं, नागरी विमान-वाहतूक महासंचालनालयाचा परवाना असलेला अभियंता विमानाच्या वहींत काय काढलें, काय घातलें, तें लिहून खालीं सही करतो. ती सही होईपर्यंत काम संपलेलें नसतें.

या सहीचा विचार करतांना पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा आपला शेजार डोळ्यांपुढें येतो. मोरया गोसावींच्या चिंचवडाच्या आसपास १९५४ नंतर हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून कारखान्यांची जी रांग सुरू झाली, ती १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर भोसरी-आकुर्डीपर्यंत आणि पुढें चाकणपर्यंत वाढत गेली. बेअरिंग, पाटे, स्प्रिंगा, नटबोल्ट, रबरी जिन्नस, घडीव पोलाद यांपैकीं येथें होत नाहीं असें क्वचितच कांहीं असेल. चिंचवडला एस. के. एफ. या जगप्रसिद्ध कंपनीचा बेअरिंगचा कारखाना आहे. मग साहजिकच प्रश्न पडतो : ज्या मापाचें बेअरिंग चाकांत बसतें त्याच मापाचें येथल्या दुकानांत मिळतें, बेअरिंगचे आंकडे तर जगभर सारखे, मग परदेशाहून महिनोन्महिने वाट पाहून तोच जिन्नस कां मागवावा?

उत्तर असें कीं, आंकडा माप सांगतो; इतिहास सांगत नाहीं. हा तुकडा कोणत्या पोलादाचा, कोणत्या घाण्यांतून निघाला, कोणीं तपासला, मधल्या काळांत कोठें पडून होता, हें बेअरिंगच्या कडेवर कोरलेलें नसतें. ज्यांच्या घरांतील माणसें या पट्ट्यांत काम करतात त्यांना हें नव्यानें सांगावयास नको. मोटारीच्या घडीव भागावर घाण्याचा क्रमांक कां उमटवितात, एक तुकडा परत आला कीं त्याच घाण्याचे सगळे तुकडे कां शोधतात, हें तेथला तपासनीस जाणतो. घरांत आपण शितावरून भाताची परीक्षा करतों. विमानांत प्रत्येक शीत स्वतंत्र तपासावें लागतें, आणि तपासल्याचा कागद त्या शितासोबत यावा लागतो. असा कागद नसलेला भाग कितीही चांगला असला तरी विमानाच्या दृष्टीनें तो निनांवी होय.

जुन्या विमानाचे भाग बनणें बंद झालें म्हणजे मार्ग खुंटतो असेंही नाहीं. दुसऱ्या निवृत्त विमानावरचा, नोंदी शाबूत असलेला भाग तपासून घेतां येतो. मूळ आराखड्याबरहुकूम मान्यताप्राप्त संस्थेकडून तो करवून घेतां येतो. बदली भाग सुचवून त्यासाठीं अधिकाऱ्यांची परवानगी मागतां येते. या प्रत्येक मार्गाला वेळ लागतो, आणि लहानशा बुशासाठीं विमान महिनोन्महिने शेडमध्यें उभें राहतें. हौसेनें तें जपणाऱ्याला हा काळ जड जातो. पण तो विलंब म्हणजे विमानाची किंमत नव्हे, तर त्यांत बसणाऱ्या दोन जीवांची किंमत आहे.

चाकणचा संग्रामदुर्ग १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यानें शाइस्तेखानाच्या प्रचंड सैन्याविरुद्ध जवळजवळ दोन महिने झुंजविला. तट शाबूत होते, माणसें शाबूत होतीं. शत्रूनें एका बुरुजाखालीं सुरुंग लावला आणि त्या एका खिंडारानें किल्ल्याचें भवितव्य ठरविलें. यंत्राचेंही असेंच असतें. त्याची ताकद त्याच्या सर्वांत मोठ्या भागावरून मोजूं नये. ज्या भागाकडे कोणी पाहात नाहीं त्यावरून मोजावी. घाटग्यांसारख्यांनीं घडविलेलीं विमानें पुढच्या पिढीला नुसतीं संग्रहालयांतच नव्हे, तर आकाशांतही पाहावयास मिळावींत अशी इच्छा असेल, तर पंखांना रंग देण्यापूर्वीं कोणी तरी गुडघे टेंकून शेपटीखालीं पाहिलें पाहिजे.